बँड, ख्याल आणि ‘ज्याची त्याची आवड’

पत्राचा गोषवारा (नाव-गाव गाळून):

पत्र लिहिणाऱ्या ताई तिशीच्या आहेत. माहेर सातारा जिल्ह्यातलं. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, बँडही त्यांचाच. सासर पुण्याचं. सासूबाई गायनातल्या विशारद, घरी शिकवण्या घेतात; नवरा हौसेनं तबला वाजवतो. सकाळपासून घरात तानपुऱ्याचं यंत्र सुरू असतं. ताईंना ख्याल, म्हणजे रागदारी गाणं, ऐकताना झोप येते. त्यांना लावणी आवडते, बँड आवडतो, ठेक्याची सिनेमातली गाणी आवडतात. नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी वरातीला वडिलांचा बँड सुचवला. सासूबाई म्हणाल्या, “ते संगीत नाही, आवाज आहे.” ताई म्हणाल्या, “ज्याची त्याची आवड.” तेव्हापासून दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं आहे. आता सासूबाईंचं म्हणणं असं, की पाच वर्षांच्या नातीला सुट्टीत आजोळच्या बँडच्या तालमीला बसवू नका, तिचा कान बिघडेल. शिवाय डिसेंबरात सगळ्यांनी मिळून सवाई गंधर्व या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला जायचं ठरलंय आणि ताईंच्या पोटात आत्तापासूनच गोळा आलाय. एके ठिकाणी त्या लिहितात, “मे महिन्याच्या दुपारी बाबांचा क्लॅरिनेट चढतो आणि कॅसिओ तिथंच राहतो, ते मला दोन गल्ल्या पलीकडून कळतं. पण हे काही संगीताचं ज्ञान नव्हे.” त्यांचे प्रश्न तीन. चांगलं संगीत असं खरंच काही असतं, की सगळा आवडीनिवडीचा मामला? ख्याल भिडत नाही म्हणजे माझ्यात काही कमी आहे का? आणि मुलीचं काय करू?

नमस्कार ताई,

क्लॅरिनेटबद्दलचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, पण मी पत्र वाचताना तिथंच थांबले. फुंकून वाजवायच्या वाद्यातली हवा तापली की स्वर चढतो. कॅसिओ हा कीबोर्ड बॅटरीवर चालतो, त्याला ऊन लागत नाही. मग दोघांत फट पडते आणि वाजवणारा क्लॅरिनेटचा वरचा जोड किंचित बाहेर ओढून नळी लांब करतो, म्हणजे स्वर खाली येतो. तुमच्या वडिलांनी हे मांडवाबाहेर उभं राहून कितीदा केलं असेल याची गणती नाही. तुम्हाला ती फट दोन गल्ल्या पलीकडून ऐकू येते, आणि तरी तुम्ही म्हणता हे ज्ञान नव्हे. मग ज्ञान कशाला म्हणायचं? ते कागदावर विशारद असं लिहून आलं तरच धरायचं का?

आणि एक बघा. ‘क्लॅरिनेट चढला’ हे आवडीचं विधान नाही. तो चढलेला असतो किंवा नसतो. तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या, बँड अजिबात न आवडणाऱ्या सासूबाईंनाही तो चढलेलाच ऐकू येईल. किंबहुना त्यांना आधी येईल. म्हणजे ‘ज्याची त्याची आवड’ हे जे तुम्ही त्यांना सुनावलंत, ते तुमच्या स्वतःच्या कानालाच मान्य नाही. तुमच्या वडिलांच्या बँडपेक्षा वाईट वाजवणारे बँड तुम्ही ऐकले असतील. त्यांना वाईट म्हणताना ‘हे आपलं माझं मत’ असं तुम्ही म्हणाला असाल, असं मला वाटत नाही.

‘ज्याची त्याची आवड’ हे वाक्य आपण बहुतेक वेळा भांडण आवरतं घ्यायला वापरतो. खरंच तसं वाटतं म्हणून क्वचितच. गंमत म्हणजे त्यानं भांडण आवरत नाही. समोरच्याला ऐकू येतं ते असं, की तुझ्या चाळीस वर्षांच्या रियाजाला आणि माझ्या कालच्या पसंतीला भाव एकच. सासूबाई दुखावल्या असतील तर त्याच्यामुळे. त्यांचं वाक्य जास्त बोचरं होतं, हे मान्यच आहे, त्याकडे येतेच.

आवडीत दुसऱ्यांचा वाटा किती असतो यावर अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञांनी एक छान प्रयोग केला होता, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. चौदा हजारांवर लोकांना, त्यांत बहुतेक तरुण, अनोळखी बँडची ४८ गाणी इंटरनेटवर ऐकायला आणि उतरवून घ्यायला दिली. काहींना नुसती गाणी दिसत होती. बाकीच्यांना कोणतं गाणं आधी किती जणांनी उतरवून घेतलंय तेही दिसत होतं, आणि या दुसऱ्या लोकांचे आठ वेगवेगळे गट केले होते. प्रत्येक गटात वर आलेली गाणी वेगळी निघाली. एका गटात डोक्यावर घेतलेलं गाणं दुसऱ्या गटात मधेच कुठेतरी पडून राहिलं. म्हणजे ‘हिट’ होणं हे बरंचसं गर्दीवर आणि नशिबावर. पण त्याच प्रयोगात हेही दिसलं, की एकेकट्यानं ऐकणाऱ्यांना जी गाणी सगळ्यात चांगली वाटली ती कुठल्याही गटात सहसा तळाला गेली नाहीत, आणि सगळ्यात वाईट वाटलेली सहसा वर आली नाहीत. सगळा गोंधळ मधल्या ढिगाऱ्यात. माझं स्वतःचं मत याच्या जवळपास आहे. आवड माणसाची असते, घराची असते, वयाची असते, पण ती हवेतून येत नाही. गाण्यात तिला धरायला काहीतरी लागतं, आणि ते काय ते बोट ठेवून दाखवता येतं.

आता सासूबाईंचं वाक्य. “ते संगीत नाही, आवाज आहे.”

असं कोणीतरी कोणाच्या तरी संगीताबद्दल आपल्याकडे सतत म्हणत आलंय, आणि म्हणणाऱ्यांची फजितीही सतत होत आलीय. सासूबाई शिकवताना पेटी वापरत असतील. त्याच पेटीला १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं बंदी घातली होती. कारण काय, तर वाद्य परदेशी, स्वर एका जागी ठोकून बसवलेले, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही. सत्तरच्या दशकाच्या तोंडापर्यंत ती बंदी टिकली. आज ख्यालाच्या साथीला पेटी नसली तर लोक विचारतात, पेटीवाले आले नाहीत का? पुढे १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे जाणकार. लोकांची अभिरुची सुधारायची म्हणून त्यांनी रेडिओवरून सिनेगीतं जवळजवळ हद्दपार केली. लोकांनी रेडिओची खुंटी फिरवली आणि शेजारच्या श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावलं. शेवटी १९५७ साली सरकारलाच विविध भारती सुरू करून ती गाणी परत आणावी लागली. ज्या गाण्यांनी देशाची अभिरुची बिघडणार होती, ती म्हणजे पन्नाशीच्या दशकातली सिनेगीतं. आज तुमच्या सासूबाईंच्या पिढीला विचारा, ‘आताच्या गाण्यांत काही राम नाही, खरी गाणी त्या काळातली’ असंच त्या म्हणतील.

आणखी थोडं मागे जाते, कारण ते तुमच्या घराशी जास्त जवळचं आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पांढरपेशा मराठी घरातल्या मुलीनं गाणं शिकणं हीच बदनामीची गोष्ट होती. गाणं हे कलावंतिणींचं काम. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या दोघी थोर गायिकाही गोव्यातल्या कलावंत समाजातून आलेल्या. आज त्यांचं नाव घेताना लोक कानाच्या पाळीला हात लावतात. मधे काय झालं? विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाणं वर्गात आणलं, अभ्यासक्रम आणि परीक्षा आणल्या, आणि हळूहळू घरंदाज मुलींना तानपुरा हातात धरता आला. सासूबाईंची ‘विशारद’ ही पदवी त्या खटपटीची नात लागते. म्हणजे ज्या गाण्याला त्या आज सर्वांत वरच्या पायरीवर बसवतात, त्या गाण्याच्या माणसांना एकेकाळी याच समाजानं पायरीवरही बसू दिलं नव्हतं. बदललं ते गाणाऱ्यांचं समाजातलं स्थान. राग तेच होते.

हे सगळं त्यांच्या तोंडावर फेकू नका. भांडणात इतिहास कामाला येत नाही. हे तुमच्यासाठी आहे, म्हणजे ‘बँडवाल्याची मुलगी’ असं मनात बोचेल तेव्हा ती बोच संगीताची नाही एवढं तुम्हाला ओळखता यावं.

मग चांगलं संगीत म्हणजे काय? संगीताचे अभ्यासक डॉ. अशोक दा. रानडे यांनी आपल्याकडच्या संगीताच्या कोटी पाडल्या होत्या: आदिम, लोक, भक्ती, कला, जन (लोकप्रिय) आणि संगम (मिश्र). मला त्यातली उपयोगी गोष्ट ही वाटते, की या शिडीच्या पायऱ्या नाहीत. प्रत्येकाचं काम वेगळं, म्हणून कसोटी वेगळी. भजनात मागच्या रांगेतल्या बेसूर काकांनाही टाळ धरून शिरता आलं पाहिजे. ते ज्या भजनात जमत नाही ते गायकाला कितीही शोभलं तरी भजन म्हणून फसलं. लावणीत शब्द, ढोलकीची थाप आणि अदा एकाच क्षणाला पडली पाहिजे. वाईच्या यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी ज्यांनी ऐकलीय त्यांना विचारा, एकाच ओळीची किती रूपं करता येतात ते. तिथं ठेका नुसता नाचायला नसतो.

आणि बँड? उघड्यावर, रस्त्यात, गाड्यांच्या हॉर्नमधून स्वर शंभर पावलं पुढे पोचला पाहिजे. वरात थांबली की चाल थांबता कामा नये आणि वरात चालू लागली की लय पळता कामा नये. पुढची पोरं ओरडली, “मास्तर, दुसरं!” की चालू गाण्याची सम (तालाची पहिली मात्रा) गाठून, न अडखळता दुसऱ्या गाण्यात शिरायचं, तेही सगळ्या पट्ट्यांचा हिशोब डोक्यात ठेवून. बँडमधला क्लॅरिनेट साधारण पेटीवरच्या काळी पाच या पट्टीचा. त्यावर सिनेमातल्या गायिकेची हरकत काढायची तर बोटं भोकांवरून घसरवत न्यायची आणि ओठांनी स्वर वाकवायचा. हे सगळं बरोबर करणारा बँड आणि नुसता धिंगाणा घालणारा बँड यांत फरक आहे, तो दाखवता येतो, शिकवता येतो, त्यावर वाद घालता येतो. म्हणजेच तिथं चांगलं-वाईट आहे. क्लॅरिनेटला मैफलीचं वावडं आहे असंही नाही. तमिळनाडूत ए. के. सी. नटराजन यांनी त्याच वाद्यावर कर्नाटक संगीताच्या मैफली गाजवल्या. सनईही लग्नाच्या दारातूनच बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबर मंचावर गेली.

इथं तुम्ही म्हणाल, मग झालं, सगळं आपापल्या जागी सारखंच. तर नाही, तसं मला म्हणायचं नाही. काही संगीत एकदा ऐकून संपतं आणि काही दहाव्यांदा ऐकताना नवीन काहीतरी देतं. ख्यालाची रचनाच अशी आहे की त्यात दहाव्यांदाचं पुष्कळ भरून ठेवलेलं असतं. मतंगानं ‘बृहद्देशी’ या जुन्या संगीतग्रंथात रागाची व्याख्या करताना ‘जनांचं चित्त रंगवणारा’ असं म्हटलंय. ऐकणारा व्याख्येतच बसवलाय. पण रंग चढायला वेळ लागतो आणि तो वेळ सासूबाईंनी दिलाय, तुम्ही दिलेला नाही. त्यांना जे ऐकू येतं ते खरंच तिथं आहे. ढोंग नाही ते. अर्थात ढोंगी श्रोते असतातच, आणि वाईट ख्यालही भरपूर असतो. तीन सप्तकांत ताना फेकून टाळ्या वसूल करणारं गाणं मला स्वतःला वरातीतल्या फटाक्यांच्या माळेपेक्षा वेगळं वाटत नाही. बँडची चांगली सुपारी अशा गाण्यापेक्षा मी केव्हाही पसंत करीन.

तुम्हाला झोप का येते? तुमच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे. तुमचा कान चार किंवा आठ मात्रांत समेवर यायला सरावलेला आहे. बडा ख्याल पुष्कळदा विलंबित एकतालात असतो. मात्रा बाराच, पण इतक्या संथ, की एक आवर्तन, म्हणजे समेपासून समेपर्यंतची फेरी, संपायला पाऊण-एक मिनिट जातं. तेवढ्या वेळात तुमचा कान तीन-चारदा ‘आता येणार, आता येणार’ म्हणून ताटकळतो, काहीच येत नाही, मग तो मिटतो. गाणं तिथं चालू असतं, पण तुम्ही ज्या खिडकीत बसून वाट पाहताय तिथून ते जात नाही.

म्हणून सवाईला जाण्याआधी घरीच थोडं करून पाहा. जुन्या तबकड्यांवरचे ख्याल ऐका. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची, त्यामुळे अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांना सगळा राग तेवढ्यात उभा करावा लागला. लांबण नाही. तुमच्यासारख्या कानाला हे दार सोपं पडतं. मग तुम्हाला पाठ असलेलं यमन रागातलं एखादं सिनेगीत किंवा नाट्यपद घ्या, ते गुणगुणा, आणि लगेच यमनचा छोटा (जलद लयीतला) ख्याल लावा. ओळखीच्या जागा आपोआप भेटतील. नवरा तबला वाजवतो ना? त्याला सांगा, मला फक्त ठेका मोजून दाखव, बाकी व्याख्यान नको. (तबलजींना हे जड जातं, पण प्रयत्न करू दे.)

प्रत्यक्ष मैफलीत पहिल्या दिवशी एकच काम धरा: मुखडा. बंदिशीचा तो चार-पाच शब्दांचा तुकडा, जो घेऊन गायक दर वेळी समेवर येतो. तो ओळखा आणि मग गायक त्यापासून किती लांब भटकून कुठल्या वाटेनं परत येतोय एवढंच पाहा. समेच्या आधी तबलजीच्या चेहऱ्याकडे बघितलंत तरी कळेल. राग कोणता, घराणं कोणतं, कोणत्या स्वराला काय म्हणतात, यातलं काहीही विचारू नका, आणि कोणी सांगू लागलं तर हसून स्टॉलवर वडा खायला जा. तिथं भर आलापीच्या वेळी उभी असलेली गर्दी बघून तुमचा न्यूनगंड निम्मा जाईल. एका बैठकीत एकच कलाकार नीट ऐकलात तरी पुष्कळ. कंटाळा आला तर बाहेर फिरून या. तिकीट वसूल करायला बसून राहणं हा संगीताचा अपमान आहे, न आवडणं हा नव्हे.

आणि एवढं करूनही नाही भिडलं तर? तर नाही भिडलं. इथं मी तुम्हाला दोन वाक्यं वेगवेगळी वापरायला सुचवेन. ‘चांगलं आहे, पण मला भिडत नाही’ हे एक. ‘फार काही चांगलं नाही, पण मला जाम आवडतं’ हे दुसरं. बहुतेक माणसं या दोन वाक्यांशिवाय जगतात. त्यांना न आवडलेलं सगळं वाईट असतं आणि आवडलेलं सगळं थोर. ही दोन वाक्यं ज्याला बिनधास्त म्हणता येतात त्याच्याशी संगीतावर बोलायला मजा येते. सासूबाईंकडेही एखादं दुसऱ्या प्रकारचं गाणं असणार. स्वयंपाक करताना त्या काय गुणगुणतात ते कान देऊन ऐका.

त्यांच्याशी बोलणं सुरू करायचं तर वादाचा विषय काढू नका, एक विनंती करा. “मला एक जागा दाखवा, जी ऐकून तुमच्या अंगावर काटा येतो, आणि तिथं नेमकं काय होतं ते सांगा.” शिकवणाऱ्या माणसाला याच्यासारखी विनंती नाही. त्यांनी दाखवलं की मग कधीतरी वडिलांच्या क्लॅरिनेटचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग लावा. ढोल-ताशाशिवाय, एकटा क्लॅरिनेट, एखादा अभंग किंवा नाट्यपद. “आवडलं का?” असं विचारू नका, त्या भिडेखातर हो म्हणतील किंवा हट्टानं नाही. विचारा, “मींड बरोबर लागलीय का? स्वर कुठं हलला का?” त्यांना उत्तर द्यावंच लागेल, कारण कान गप्प बसू देत नाही. चुका काढल्या तरी चालेल. ‘आवाज’ होता तर चुका कशातून काढल्या?

मुलीचं उत्तर सोपं आहे. बँड ऐकून कान बिघडत नाही. तान्ह्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात (२००५ सालचा आहे) सहा महिन्यांची उत्तर अमेरिकेतली बाळं बाल्कन भागातल्या विषम मात्रांच्या तालातला बिघाडही ओळखत होती. वर्षाची होईपर्यंत ती आपल्या सवयीच्या तालाकडे झुकली, आणि तो परका ताल थोडे दिवस ऐकवल्यावर पुन्हा त्यातलं ओळखू लागली. म्हणजे कान अरुंद होतो तो एकाच गोष्टीच्या सवयीनं. पाच वर्षांच्या मुलीला आजीचा षड्ज आणि आजोबांचा क्लॅरिनेट दोन्ही घरातच मिळणार असतील, तर तिच्याइतकी नशीबवान पोर पुण्यात शोधावी लागेल. सासूबाईंना पटवायला आणखी एक गोष्ट आहे. भीमसेन जोशी लहानपणी वाजतगाजत जाणाऱ्या मिरवणुकींच्या बँडमागे लागून घरापासून लांब निघून जायचे आणि दमून कुठंतरी झोपी जायचे. शोधून शोधून थकलेल्या वडिलांनी शेवटी त्यांच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असं लिहून ठेवलं. ज्या महोत्सवाची तुम्ही तिकिटं काढलीत, तो १९५३ मध्ये आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू करणारे भीमसेन हेच.

एक काळजी मात्र खरी आहे, ती आवाजाच्या पातळीची. बंद खोलीत ट्रंपेट आणि साइड ड्रम जवळून ऐकला तर शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो आणि लहान मुलांच्या कानाला तो खरोखर इजा करतो. तालीम खोलीत चालली असेल तर पोरीला ओट्यावर बसवा, किंवा कानावर लावायचे मफ घेऊन द्या. डीजेच्या भिंतीजवळ तर तिला कधीच नेऊ नका. सासूबाई या अर्थानं ‘कान बिघडेल’ म्हणत असतील तर त्यांचं बरोबर आहे, तसं त्यांना सांगूनही टाका. एका मुद्द्यावर हार मानली की पुढचं बोलणं सोपं जातं.

राहिला लग्नातला बँड. पत्रात तुम्ही सगळ्यांची मतं लिहिलीत: सासूबाईंची, नवऱ्याची, नणंदेची. वडिलांचं मत कुठंच नाही. तुम्ही त्यांना विचारलं होतं का? सुनेचे वडील म्हणून त्या लग्नात त्यांना आहेर होईल, मानपान होईल, पंगतीत बसवतील. त्याच दिवशी त्याच लोकांसमोर गणवेश घालून वरातीपुढे चालायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं आहे. काही माणसं अभिमानानं हो म्हणतील. काही म्हणतील, त्या दिवशी मला व्याही म्हणूनच येऊ दे. तुम्ही बँडसाठी भांडताना त्यांच्या वतीनं भांडत होतात, पण वकीलपत्र घेतलं नव्हतंत. आणि कोण जाणे, सासूबाईंनाही हीच अडचण दिसली असेल, पण ती तोंडावर बोलता येईना म्हणून त्यांनी संगीताच्या नावावर घातली असेल. मला खात्री नाही; पण विचारायला काय हरकत आहे? नवऱ्याला विचारू द्या, तुम्ही मधे पडू नका.

वडील नको म्हणाले तर विषय तिथंच सोडा. दुसरा बँड आणायचा तर तो नणंदेनं ठरवावा, वरात तिची आहे. हो म्हणाले, तर वरातीच्या सुरुवातीच्या एक-दोन चाली सासूबाईंना निवडू द्या आणि त्या नीट बसवायला बँडला वेळ द्या. लग्नसराईत तारखा भराभर जातात, तेव्हा सवाई संपायची वाट बघत बसू नका. आणि सुपारी पूर्ण द्या, ठरल्या दरानं, आगाऊ रकमेसकट. घरचं कार्य म्हणून वडील एक पैसा घेणार नाहीत, ते मला माहीत आहे. पण ट्रंपेटवाल्याच्या आणि ढोलवाल्याच्या घरचं ते कार्य नाही, त्यांची त्या दिवशीची मजुरी बुडता कामा नये.